शंभर माणसांचा पास्ता

आज पास्त्याबद्दल बोलायचं आहे. कुणी म्हणेल, झुणका-भाकर सोडून हे काय नवीनच? पण ज्यांचा गट जेवणाच्या ऑर्डरी घेतो त्यांना ठाऊक आहे. वाढदिवस असो, हळद असो, शाळेचं गॅदरिंग असो, "ताई, मुलांसाठी पास्ता जमेल का?" हे आता खेड्यातही विचारतात. आणि आपण पटकन 'हो' म्हणतो, कारण घरी पाकीट आणून पोरांना कधीतरी करून दिलेला असतो.

आम्हीही तसंच 'हो' म्हटलं होतं. गॅदरिंगची ऑर्डर, दोनशे मुलं. आमच्या गटातल्या बायका पाचशे माणसांची पंगत उठवणाऱ्या, पुरणपोळीला नाव मिळवलेल्या. आम्ही हिशोब केला, घरी अर्धा किलो लागतो तर इथे दहा किलो, म्हणजे वीसपट. पंगतीचा भात लावतो ते मोठं पातेलं काढलं, आधण ठेवलं, सकाळी सात वाजता दहाच्या दहा किलो पास्ता एकदम ओतला. ओतल्याबरोबर पातेलं गप्प झालं. उकळी गेली ती लवकर परत येईचना. तळाचा पास्ता चिकटून बसला, वरचा कच्चा राहिला आणि मधला फुगून फाटला. मग तो वेळायचा म्हणून माझ्या जावेनं आणि आणखी एकीनं ओलं पोतं घेऊन पातेल्याचे कान धरले. वाफ सरळ जावेच्या मनगटावर आली. हात सुटला नाही, हे नशीब. तिचा हात महिनाभर कामातून गेला.

जे उरलं ते आम्ही पातेल्यातच झाकून ठेवलं. दुपारी बारा वाजता झाकण काढलं तर आत गिच्च गोळा. वाढताना उलथण्यानं वड्या पाडाव्या लागल्या. एका मुलानं विचारलं, "काकू, हा उपमा आहे का?" ठरलेल्या पैशांतले निम्मेच मिळाले, आणि आम्ही भांडलोही नाही, कारण ते खोटं नव्हतं.

त्यानंतर आम्ही बसून विचार केला. गावातला एक मुलगा मुंबईत हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तो सुट्टीला आला तेव्हा त्याला घरी बोलावलं. त्यानं एकच गोष्ट सांगितली आणि आमचे डोळे उघडले. तो म्हणाला, "काकू, हॉटेलात कुणी पास्ता एका दमात करतच नाही. आधी अर्धा कच्चा उकडून थंड करून ठेवतात. वाढायच्या वेळी सॉसमध्ये पुरा करतात." गर्दीच्या पास्त्याचं सगळं मर्म यात आहे. उकडणं हे एक काम आणि पुरा करणं हे दुसरं काम. घरी चार माणसांसाठी ही दोन कामं पाठोपाठ होतात म्हणून वेगळी दिसत नाहीत. शंभर माणसांसाठी ती वेगळी करावीच लागतात, कारण माणसं एकदम जेवत नाहीत आणि शिजलेला पास्ता कुणासाठी थांबत नाही.

तो थांबत का नाही, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप कळतं. आपण शेवयांसाठी कुठला गहू घेतो? बन्सी घेतो, नाहीतर खपली. चपातीचा लोकवन घेतला तर शेवया तुटतात आणि शिजताना लगदा होतात, हे आपल्या सासवांना माहीत होतं. पास्ताही बन्सीच्याच जातीच्या गव्हाचा होतो. त्याला ड्युरम गहू म्हणतात. त्याचा रवा पाण्यात घट्ट मळून, साच्यातून दाबून काढून वाळवतात, म्हणजे आपल्या मशीनच्या शेवयांचीच रीत. या गव्हाचा दाणा टणक असतो आणि त्यात प्रथिनं भरपूर असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं काढलेलं एमएसीएस ४०२८ हे वाण याच जातीचं आहे. प्रथिनांचं जाळं पिठाचा स्टार्च धरून ठेवतं. पास्ता शिजतो म्हणजे तो स्टार्च पाणी पिऊन फुगतो. फार वेळ फुगत राहिला की जाळं फाटतं आणि स्टार्च बाहेर येऊन खळ होते. गॅस बंद केला तरी आतली उष्णता हे काम चालूच ठेवते. म्हणूनच झाकून ठेवलेल्या आमच्या पातेल्यात पाच तासांत उपमा झाला.

त्यामुळे दुकानात पाकीट उलटं करून वाचायचं. 'ड्युरम व्हीट सेमोलिना' किंवा ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असेल तोच घ्यायचा. मैद्याचा स्वस्त पास्ता घरी चार माणसांना चालेल एखादवेळ, पण ऑर्डरीला नको. तो मिनिटभर जास्त शिजला तरी गेला. किलोमागे वाचलेले पैसे तिथेच बुडतात. आकार आखूड घ्यावा. नळीसारखा पेने किंवा पिळाचा फ्युसिली चांगला. त्याच्या खाचांत सॉस धरून राहतो आणि डावानं वाढता येतो. लांब स्पॅगेटी पंगतीत वाढायला गेलात तर वाढपी रडेल.

आता माप. पास्ता हाच मुख्य पदार्थ असेल तर मोठ्या माणसाला कोरडा १०० ग्रॅम धरा. सोबत इतर दोन-तीन पदार्थ असतील तर ६० ग्रॅम पुरतो. लहान मुलांना ५०. म्हणजे हळदीच्या जेवणात शंभर माणसांना सहा किलो. एक किलो कोरडा पास्ता शिजून दोन किलोच्या थोडा वर जातो. हे आधी सांगते, कारण कोरडा सहा किलो डोळ्यांना फार थोडा दिसतो आणि बायका घाबरून दहा टाकतात.

सहा किलो एकदम उकडायचा नाही. एका वेळी दोन किलो, जास्त नाही. तीस लिटरच्या पातेल्यात वीस लिटर पाणी घ्यायचं, वर उकळीला जागा ठेवायची. मीठ लिटरला सात-आठ ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला साधारण १५० ग्रॅम. हे मीठ मुठीनं टाकू नका, वजन करा. पास्ता आतून अळणी राहिला तर वरून कितीही मीठ घाला, चव लागत नाही. पाण्यात तेल घालायची एक खोड आपल्याकडे आहे. त्याचा काही उपयोग नाही. तेल वर तरंगतं, पास्ता खाली असतो. चिकटू नये म्हणून काय करायचं, तर पास्ता टाकल्यापासून पहिली दोन-तीन मिनिटं लाकडी उलथण्यानं तळापासून हलवत राहायचं. त्याच वेळी वरचा स्टार्च चिकट असतो. ती दोन मिनिटं गेली की पुढे अधूनमधून हलवलं तरी चालतं.

दोनच किलो का? गार पास्ता पडला की पाणी थोडं निवतं. दोन किलोला वीस लिटर असेल आणि खाली मोठी भट्टी असेल तर उकळी लवकर परत येते. दहा किलो टाकला तर पाणी बराच वेळ उकळीला येत नाही, पास्ता त्यात भिजत पडतो, चिकटतो, आणि उकळी येईपर्यंत बाहेरून फुटलेला असतो. पाणी उकळत असेल तर पास्ता स्वतःच वरखाली फिरतो. पातेलं गप्प झालं की तो तळाला बसतो.

पाकिटावर वेळ लिहिलेली असते, समजा अकरा मिनिटं. आपण आठव्या मिनिटाला काढायचा. वेळ मोजायची ती उकळी परत आल्यापासून. शितावरून भाताची परीक्षा होते, पण इथे तीन ठिकाणचे तीन तुकडे काढा, वरचा, मधला, तळाचा. दाताखाली तोडून बघा. आत मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका जाड असेल तर अजून कच्चा आहे. ठिपकाच नसेल तर उशीर झाला. तो घाण लवकर वाढून टाका, नाहीतर तो वेगळा ठेवून घरच्यांना द्या.

आता वेळण्याची गोष्ट, आणि इथे जरा थांबून बोलते. पातेलं उचलायचं नाही. कधीच नाही. वीस लिटर पाणी, त्यात दोन किलो पास्ता, वर भांड्याचं वजन, असं पंचवीस किलो उकळतं ओझं दोन बायकांनी धरून कलंडवायचं, आणि खाली ओली फरशी. माझ्या जावेचं मनगट अजून पावसाळ्यात खाजतं. पातेलं भट्टीवरच राहू द्या आणि मोठ्या झाऱ्यानं पास्ता उपसून चाळणीत काढा. चाळणीखाली घमेलं ठेवा. दोघी असाल तर एकीनं उपसायचं, दुसरीनं चाळण बदलायची. उपसायला दोन-तीन मिनिटं जातात, म्हणून पहिल्या झाऱ्यात थोडा कमी आणि शेवटच्यात थोडा जास्त शिजलेला येतो. त्यासाठीच आधी काढायला सुरुवात करायची. आणि उपसण्याचा मोठा फायदा म्हणजे तेच पाणी पुढच्या घाण्याला वापरता येतं. आटलं तेवढं पाणी घाला, चिमूटभर मीठ घाला, खळखळून उकळी आली की पुढचे दोन किलो. तीन-चार घाण्यांनंतर पाणी पेजेसारखं दाट होतं, मग बदला.

भट्टीजवळ सुती साडी नेसा, पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. भाजलंच तर बांगड्या आणि अंगठी लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस मिनिटं, कारण दोन मिनिटांत बरं वाटतं आणि आपण कामाला लागतो. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतलं काही लावायचं नाही. फोड फोडायचा नाही. तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, तर ऑर्डर राहू द्या आणि दवाखान्यात न्या.

उपसलेला पास्ता ढिगात ठेवायचा नाही. परातींत, मोठ्या ताटांत, बोटभर जाडीचा थर पसरायचा. किलोमागे एक-दोन चमचे तेल शिंपडून दोन उलथण्यांनी हलक्या हातानं वरखाली करायचा. पंखा असेल तर लावा. दहा मिनिटांत वाफ जाते आणि तो सुटा होतो. पास्ता गार पाण्यानं धुवावा की नाही, यावर दोन मतं आहेत. धुतला की वरचा स्टार्च निघून जातो आणि सॉस धरत नाही, म्हणून धुवू नये म्हणतात, ते खरं आहे. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम असेल तर परातीतही तो लवकर निवत नाही. अशा वेळी मी पिण्याच्या गार पाण्यातून एकदाच काढते. सॉस जरा कमी चिकटला तरी चालेल, लगदा नको. पिण्याचंच पाणी घ्या, हौदाचं नाही.

उकडलेला पास्ता आदल्या दिवशी करून ठेवू का, असं बऱ्याच जणी विचारतात. नाही. बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू असतो. तो मातीत असतो, धान्यावर असतो. उकळल्यावर तो मरतो, पण त्याचे बीजाणू उकळी सोसतात. शिजलेला भात, शेवया, पास्ता कोमट ठेवला की ते जागे होतात आणि वाढतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्या सोयीचा काळ, म्हणजे आपल्याकडची नेहमीची हवाच. वाढताना ते जे विष सोडतात त्यातलं एक असं आहे की पुन्हा उकळून गरम केलं तरी जात नाही. पास्त्याला वासही येत नाही, चवही बदलत नाही. आणि खाणारी लहान मुलं असतात. मोठ्या हॉटेलात थंड खोली असते, आपल्या घरच्या फ्रिजमध्ये बारा किलो गरम पास्ता कोंबला तर मधला भाग रात्रभर कोमटच राहतो. आमचा नियम असा आहे, उकडल्यापासून दोन तासांच्या आत पानात. आमच्या पहिल्या ऑर्डरीत तो पाच तास झाकलेला होता. चव गेली हे सगळ्यांनी पाहिलं, पण कुणी आजारी पडलं नाही याचे आभार मी अजून मनातल्या मनात मानते.

म्हणून वेळ मागून मोजायची. बारा वाजता जेवण असेल तर टोमॅटोचा सॉस आठला चढवा आणि मंद आचेवर वाफाळताच ठेवा. पास्त्याचं आधण दहाला. वीस लिटर उकळायला अर्धा तास तरी जातो. साडेदहाला पहिला घाणा, सव्वाअकरापर्यंत तिन्ही घाणे उरकतात. दहा किलो असेल तर दोन भट्ट्या लावा, एकीवर लवकर सुरू करून ताणत बसू नका.

सॉसचं फार सांगत नाही, आपल्या हाताला ते येतं. लाल सॉसला एक किलो कोरड्या पास्त्यामागे दोन किलो पिकलेले टोमॅटो, पाव किलोच्या वर कांदा, ५० ग्रॅम लसूण आणि १०० मिली तेल. टोमॅटो उकडून सालं काढून वाटा, लसूण-कांदा परतून त्यात घाला आणि आटवा. साधारण दीड किलो सॉस उतरतो. तिखटासाठी बेडगी मिरची भिजवून वाटली तर रंगही येतो. अॅल्युमिनियमच्या भांड्यात नको, टोमॅटोच्या आंबटपणानं भांड्याची चव उतरते. स्टीलचं घ्या. पांढऱ्या सॉसला किलोमागे दीड लिटर दूध, ७५ ग्रॅम लोणी आणि ७५ ग्रॅम मैदा. लोण्यात मैदा मंद आचेवर भाजा, रंग बदलू देऊ नका, आणि दूध थोडं थोडं घालत हलवत राहा. हा सॉस तळाला लागतो, आणि एकदा लागला की सगळ्या पातेल्याला करपल्याचा वास येतो. म्हणून मी पन्नास माणसांच्या पुढे पांढऱ्या सॉसची ऑर्डर घ्यायचं टाळते. गिऱ्हाईक हटूनच बसलं तर सगळा एकदम न करता दोन-तीन वेळा थोडा थोडा करते. दोन्ही सॉस आपल्याला बरे वाटतात त्यापेक्षा जरा पातळच ठेवा. पास्ता परातीतून कढईत आला की पुन्हा पाणी पितो.

आता पानात जायची वेळ. लोक बसायला लागले की मोठी कढई तापवा. एका वेळी दोन किलो उकडलेला पास्ता, म्हणजे मूळचा एक किलो. आधी सॉस घालून खदखदू द्या, मग पास्ता, मग त्याचंच उकडलेलं पाणी एक-दोन डाव. हे पाणी मुद्दाम दोन लिटर बाजूला काढून ठेवलेलं असावं. त्यातल्या स्टार्चमुळे सॉस पास्त्याला धरतो, नुसत्या पाण्यानं ओघळतो. मोठ्या आचेवर तीन मिनिटं, आत राहिलेला पांढरा ठिपका तेवढ्यात जातो. शिमला मिरची, मका, गाजर आधी परतून ठेवलेलं असेल ते याच वेळी. एका कढईत सोळा-सतरा पानं होतात. शंभर पानांना सहा कढया, दोन कढया चालू असल्या तर कुणाला वाट पाहावी लागत नाही. चीज वरून किसा, कढईत घालू नका, ते तळाला चिकटतं आणि निम्मं वाया जातं.

दुसऱ्या ऑर्डरीला आम्ही असंच केलं. हळदीचं जेवण, शंभर माणसं. खरं सांगते, पहिली कढई होईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. जाऊ त्या दिवशी झारा घेऊन उभी होती, तिनं पातेल्याला हात लावला नाही. शेवटच्या पंगतीला वाढलेला पास्ताही सुटा होता. उरला तो किलोभर, कढईत न गेलेला. तो आम्ही तिथेच सॉसमध्ये परतून आमच्या आमच्यात वाढून घेतला, डब्यात भरून घरी नेला नाही.

एक राहिलं, ते उरलेलं पाणी. भट्टी बंद केल्यावर पातेलं तसंच राहू द्या, पूर्ण निवल्यावरच तांब्यानं उपसून ओता. गडबडीत गरमच ओतायला गेलं की तिथेही हात भाजतो. आणि ते परसात झाडांच्या मुळाशी घालू नका, त्यात दीडशे ग्रॅम मीठ आहे.